नवा लेखक आधी कोण असतो?

कोरी_पाटी (धागाकर्ता)

मी तालुक्याच्या गावात एका 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर बसतो. २०२४ च्या जूनमध्ये देविदास सौदागर यांच्या 'उसवण' कादंबरीला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा आमच्या ग्रंथपालबाईंनी पेपरातलं कात्रण फलकावर डकवलं. तुळजापूरचा तरुण, शिवणकाम करून घर चालवणारा, वगैरे. पुढच्या पंधरा दिवसांत पाच जण खिडकीवर येऊन विचारून गेले. पाचही जणांनी "ते शिंप्याचं पुस्तक आलंय का?" असंच विचारलं. पुस्तकाचं नाव एकालाही आठवत नव्हतं. एक आजोबा तर "ते टेलरिंगचं पुस्तक" म्हणाले. मी विणकाम-भरतकामाच्या कपाटाकडे बोट दाखवणार होतो, थोडक्यात वाचलो.

हसू आलं, पण नंतर खटकत राहिलं. प्राध्यापकाची कादंबरी आली की "ते प्राध्यापकाचं पुस्तक द्या" असं कोणी म्हणत नाही.

तर प्रश्न दोन. नव्या लेखकाचं किंवा कवीचं पुस्तक हातात घेताना तो पोटासाठी काय करतो हे तुम्हाला आधी माहीत असावं लागतं का? आणि तुमच्या ओळखीत, गावात, कंपनीत लिहिणारी माणसं आहेत का? ती काय करतात? फक्त मोठी नावं नकोत, आसपासची सांगा.

मिरचीभजी

पहिला! आता वाचतो.

रामप्रहर

आमच्या आयटी पार्कात दगड मारला तर कवीला लागतो. दगड मारणाराही कवीच असतो. आता यांची पार्श्वभूमी काय सांगू, पार्श्वभागाला खुर्ची चिकटलेली एवढीच.

अनुस्वार

धागा चांगला आहे, पण हे सगळं काल सुरू झाल्यासारखं बोलू नये. नारायण सुर्वे आधी गिरणीत होते, मग शाळेत शिपाई, मग शिक्षक. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह १९६२ चा. तेव्हाही "कामगार कवी" हा शिक्का बसलाच आणि १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तरी पुसला गेला नाही. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. मुंबईतल्या वेश्यावस्तीचं नाव घेतलेला त्यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ ला आला तेव्हा प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्यांनी त्या वस्तीत ढसाळांबरोबर फिरून, न कळलेल्या शब्दांचे अर्थ विचारून घेतले होते. आज आपण ती प्रस्तावना कौतुकाने वाचतो. पण जरा थांबून बघा, त्या कवितेला मध्यमवर्गीय घराच्या आत यायला ओळखीचा माणूस बरोबर लागला. आता ते काम पेपरातली बातमी करते. "शिंपी आहे बरं का" हे तिचं ओळखपत्र.

बाबूराव बागूल, अण्णा भाऊ साठे यांच्याबद्दल लिहीत नाही, नाहीतर धागाकर्ते रागावतील.

तिखटमीठ

शिक्का बसला तर बसू दे की. त्या पाच जणांनी पुस्तक मागितलं ना? माझ्या मते एवढं पुरे. मराठीत नव्या लेखकाच्या पहिल्या आवृत्तीच्या किती प्रती निघतात आणि त्यातल्या किती लेखकाच्याच घरी राहतात, हे इथल्या बऱ्याच जणांना चांगलं माहीत आहे. "शिंप्याचं पुस्तक" म्हणून का होईना, खपतंय ना? तत्त्वज्ञान नंतर.

बोरूबहाद्दर

तिखटमीठ, कुणी माझ्या पलंगाखाली डोकावून गेलं की काय!

माझी हकीकत सांगतो. मी पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक. सात वर्षांपूर्वी कवितासंग्रह काढला. प्रकाशकाचं नाव घेत नाही. पस्तीस हजार भरले. करार म्हणून जे आलं त्यात "लेखकाने ३०० प्रती स्वतः घ्याव्यात" असं होतं. मला वाटलं, ३०० मला आणि बाकीच्या दुकानात. बाकीच्या नव्हत्याच. ज्या ३०० आल्या त्यात मुखपृष्ठावर माझ्या नावातला 'ऱ्य' 'र्य' झालेला. प्रकाशन समारंभाला तालुक्याचे सभापती आले, त्यांनी माझ्या कवितांवर न बोलता तलावातल्या गाळावर चाळीस मिनिटं भाषण केलं. (गाळाचं भाषण चांगलं होतं, आकडेवारीसकट.)

आज २१२ प्रती शिल्लक आहेत. लग्न-मुंजीत आहेर म्हणून देतो. बायको म्हणते पाकिटात शंभर रुपये घाला, ते स्वस्त पडेल आणि लोकांना आवडेलही.

मिरचीभजी

२११ करा. मला एक पाठवा, पोस्टेज देतो.

अनुस्वार

बोरूबहाद्दर, वाईट वाटलं. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी. हस्तलिखित तज्ज्ञांकडे जातं, पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. मंडळ १९६० चं, पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. वेळ लागतो, पण पलंगाखालची जागा वाचते.

शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही पहिल्या पुस्तकाचा वेगळा गट आहे. त्यातला कवितेचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाने दिला जातो. त्या १९५१ साली गेल्या, 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ साली आली. म्हणजे जिने स्वतःचं पहिलं पुस्तक पाहिलंच नाही, तिच्या नावाने पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार. ज्याने ही योजना केली त्याच्या हे लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

जतकर

फेसाटीचं कुणी नाव काढंना म्हणून मीच लिहितो. नवनाथ गोरे आमच्या जत तालुक्याचे. त्यांच्या 'फेसाटी' कादंबरीला अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला २०१८ ला. आमच्याकडं ही बातमी आली तवा पाऊस पडल्यागत वाटलं, आणि जतला पाऊस पडणं म्हंजी काय ते बाकीच्यांना कळायचं नाही.

पुढं २०२० ला टाळेबंदी लागली. त्यांची कंत्राटी प्राध्यापकी गेली आणि ते गावाकडं मजुरीला जायला लागले, ही बातमी पण पेपरात आली. तवा सगळ्यांना कळवळा आला. मग नोकरीची सोय झाली, चांगलं झालं. पण मला विचाराल तर त्या दोन बातम्यांच्या मधी जे झालं ते बघा. अकादमीचा ताम्रपट घरात असताना माणूस तासिकेवर शिकवत होता. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातला पोरगा लेखक झाला ह्याचं कौतुक झालं, त्यानं पोट कशावर भरायचं हे कुणी इचारलं नाही. पार्श्वभूमी पार्श्वभूमी म्हणताय, तर ती काय मागं राहिलेली गोष्ट नाही. ती फिरून फिरून पुढ्यात येती.

कोरी_पाटी

जतकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. युवा पुरस्काराची रक्कम ५०,००० रुपये आणि ताम्रपट. एका वर्षाचं भाडंही त्यात भागत नाही, हे खरंच.

रामप्रहर

अवांतर: २०१९ चा युवा पुरस्कार सुशीलकुमार शिंदे यांना 'शहर आत्महत्या करायचं म्हणतंय' या कवितासंग्रहासाठी मिळाला, तेव्हा आमच्या वडिलांनी पेपर खाली ठेवून विचारलं होतं, "गृहमंत्रीपद गेल्यावर कविता करायला लागले का? आणि ते युवा कधीपासून?" कवी वेगळे आणि माजी मंत्री वेगळे, हे समजावताना चहा गार झाला. नावाचीही पार्श्वभूमी असते.

सीएनसी_ऑपरेटर

रामप्रहर 😄

मी चाकणला एका कारखान्यात सीएनसी मशिनवर (संगणकावर चालणारं, धातूचे भाग कापणारं) आहे, अकरा वर्षं झाली. कविता करतो. आमच्या एका जॉबचा सायकल टाइम तीन मिनिटं चाळीस सेकंद आहे. जॉब लावला, दार बंद केलं, बटण दाबलं की तेवढा वेळ माझा. मोबाईल गेटवर जमा होतो, म्हणून ओळ डोक्यात फिरवत ठेवायची किंवा इन्स्पेक्शन शीटच्या मागे लिहायची. एकदा शीट चुकून क्वालिटीत गेली. तिथल्या साहेबाने विचारलं, "हे 'पाणी उलटं चढतं' कुठल्या डायमेन्शनचं रीडिंग आहे?"

मला कविता वाचायला बोलावतात. कधी, तर एक मे ला. दरवर्षी एक मे, कामगार दिन, कामगार कवी. जूनपासून एप्रिलपर्यंत मी कवी नसतो. दोन वर्षांपूर्वी मी तिथे पावसावरची आणि माझ्या मुलीच्या दुधाच्या दातावरची कविता वाचली. आयोजक नंतर म्हणाले, "छान होत्या, पण जरा मशिनवरच्या घ्यायच्या ना." मशिनवर आठ तास उभं राहायचं आणि घरी येऊन परत मशिनवरच लिहायचं? दुधाचा दात माझा नाही का?

आणि मला सगळ्यात राग येतो तो "असूनही" या शब्दाचा. "कामगार असूनही किती सुंदर लिहितो." डॉक्टर लिहायला लागला तर म्हणतात "इतक्या धावपळीतून वेळ काढून". एकाला वेळ नाही, एकाला लायकी नाही, असा तो फरक आहे.

तिखटमीठ

तो "असूनही" खिशात ठेवला. माझं वरचं म्हणणं अर्धं मागे घेते. अर्धंच.

मिरचीभजी

दुधाच्या दातावरची इथे टाका की.

सीएनसी_ऑपरेटर

टाकीन. अजून शेवटची ओळ हलतीये.

माजघर

वाचतेय केव्हाची, आता लिहितेच.

युवा पुरस्काराला वयाची अट पस्तीस. म्हणजे अकादमीच्या हिशोबाने नवा लेखक पस्तिशीच्या आतच असतो. मी सोलापूरची, वय अठ्ठावन्न. पहिली कथा बावन्नाव्या वर्षी लिहिली, मुलगी नोकरीला लागली आणि सासूबाईंचं आजारपण संपलं त्यानंतर. पस्तिसाव्या वर्षी मी काय करत होते? डबे. तीन. सकाळी सहाला. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा घेतली तेव्हा परिचयासाठी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, घर. त्यांनी छापलं "गृहिणी. वाचन, बागकामाची आवड". बाग कुठून आली? आमच्याकडे तुळस एक आहे, तीही दर उन्हाळ्यात जाते.

फलटणच्या बेबीताई कांबळे आठवा. छोटंसं दुकान चालवायच्या, तिथेच बसून लिहायच्या, आणि लिहिलेलं वर्षानुवर्षं घरातल्यांपासून लपवून ठेवत होत्या. सामान बांधायच्या रद्दीतून वाचनाची गोडी. 'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मकथन पुस्तक म्हणून आलं तेव्हा पस्तिशी कधीच मागे पडली होती. बायकांच्या बाबतीत "पार्श्वभूमी काय" याच्या आधी "वेळ कुठून आणला" हे विचारा. दोन्हीचं उत्तर बहुतेक एकच निघेल.

टोरोंटोचा_गारठा

माजघर ताई, नमस्कार. मी इथे गोदामात रात्रपाळीला आहे (डिग्री इंजिनिअरिंगची, विचारू नका). इथल्या मंडळाच्या अंकात लिहितो. परदेशातल्या मराठी माणसाने काय लिहायचं हेही ठरलेलं असतं: बर्फ, आई, पुरणपोळी. तिन्ही एका कथेत आले तर हमखास छापतात. मी गोदामातल्या दोन फोर्कलिफ्टवाल्यांच्या भांडणाची कथा दिली, त्यावर "यात आपलं काय?" असा शेरा आला. त्या भांडणातला एक मीच होतो, आणखी किती आपलं हवं?

अनुस्वार

"आपलं" या शब्दावर स्वतंत्र धागा निघावा.

रामप्रहर

सर, नको. मागच्या वेळी "शुद्धलेखन" या शब्दावर निघाला होता, तो अजून पेटलेला आहे.

गोरमाटी_पोर

मी लमाण तांड्यावरचा, नांदेड जिल्हा. आता जिल्हा परिषद शाळेत शिक्षक.

आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. सातवीत निबंध होता, 'माझी आई'. मी पहिलं वाक्य लिहिलं, "मार याडी". गुरुजींनी वर्गात मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "आई याडी आहे का रे तुझी?" मराठवाड्यात याडी म्हणजे वेडी हे तुम्हाला माहीत असेल. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, त्याचंच नंतर जास्त लागलं. कॉलेजात भित्तिपत्रकाला कविता दिली तर संपादक मुलाने प्रत्येक शब्दाला कंस टाकला. याडी, कंसात आई. बाटी, कंसात भाकरी. कविता चौदा ओळींची आणि कंस अकरा. वाचणाऱ्याला धाप लागायची.

मग २०१५ ला वीरा राठोड यांच्या 'सेन सायी वेस' या संग्रहाला युवा पुरस्कार मिळाला. कविता मराठी आणि नाव आमच्या बोलीतलं. सगळ्यांचं भलं कर, अशी ती आमच्या तांड्यावरची प्रार्थना. मुखपृष्ठावर कंस नव्हता. एवढ्याशा गोष्टीने मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

त्यामुळे धागाकर्त्यांना माझं उत्तर असं. मी काय करतो, कुठला आहे हे कळलं तर कळू दे. पण त्याचा कंस करू नका.

वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता मी दरवर्षी वर्गात वाचतो. आदिवासींना स्टेजवर बोलावलंच जात नाही, स्टेजवर बसलेले त्यांचं दुःख त्यांनाच सांगतात, आणि दुःख शेवटी ज्याचं त्याच्याकडेच राहतं, असा तिचा आशय. या वर्षी एका पोराने विचारलं, "सर, मग स्टेज मोठं करायचं का काढून टाकायचं?" उत्तर दिलं नाही. घंटा झाली, बरं झालं.

माजघर

कंस. 🙏

सीएनसी_ऑपरेटर

सर, तुमच्या कविता कुठे वाचायला मिळतील?

गोरमाटी_पोर

अजून वहीत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

अनुस्वार

आता जरा विरोधी सूर लावतो, रागावू नये.

अनुभवाच्या जोरावर आलेलं पहिलं पुस्तक जबरदस्त असतं. पण आयुष्य एकदाच खर्च होतं. दलित आत्मकथनांच्या लाटेत आपण पाहिलं, अनेकांचं पहिलं पुस्तक हेच शेवटचं मोठं पुस्तक ठरलं. फक्त "मी कुठून आलो" या भांडवलावर दुसरं पुस्तक उभं राहत नाही, तिथे रचना लागते, वाचन लागतं. आपण पार्श्वभूमीचं इतकं कौतुक करतो की नव्या लेखकालाही वाटतं आपल्याकडे तेवढंच आहे. वाचक म्हणून मी पहिल्या पुस्तकाला टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्याची वाट बघतो.

जतकर

सर, दुसऱ्या पुस्तकाला वाचन लागतं, रचना लागते, मान्य. पगार पण लागतो. ते तुम्ही यादीत घेतलं न्हाई.

तिखटमीठ

आणि अनुस्वार सर, हा प्रश्न तुम्ही कुणाला विचारता तेही बघा. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची, वय पंचवीस, तीही खानदेशातून पुण्याला शिकायला आलेल्या पोराचीच गोष्ट. पुढची 'बिढार' आली १९७५ ला. बारा वर्षं. त्या बारा वर्षांत "यांचा अनुभव संपला वाटतं" असं म्हणायची कुणाची हिंमत झाली का? शेतकऱ्याच्या, शिंप्याच्या पोराला मात्र तीन वर्षांत विचारतो, दुसरं कुठाय?

अनुस्वार

'कोसला'चा मुद्दा बिनतोड आहे. हिंमत केली असती तर पुढचं ऐकून घ्यावं लागलं असतं हेही खरं. जतकरांचाही मुद्दा मान्य. यादी दुरुस्त करतो: वाचन, रचना, पगार. क्रम उलटा लावला तरी चालेल.

बोरूबहाद्दर

मला अजून कविसंमेलनाच्या पत्रिकेत "नवोदित कवी" म्हणून छापतात. वय सत्तेचाळीस. माणूस कधी उदयाला येऊन कधी संपूर्ण उगवतो याचा काही शासन निर्णय आहे का?

रामप्रहर

साहित्य संमेलनाच्या कविकट्ट्यावर जाऊन या. शेकडो कवी. समोर बसलेले सगळे आपला नंबर यायची वाट बघणारे कवीच असतात. एकदा मी निव्वळ श्रोता म्हणून बसलो होतो, तर शेजारचे काका म्हणाले, "तुमचा नंबर किती?" मी म्हटलं, नाही, मी ऐकायला आलोय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाकीटमार आहे.

टोरोंटोचा_गारठा

धागा भरकटला, पण मजा येतेय.

काजबटण

नवीन सदस्य आहे. खातं या धाग्यासाठीच काढलं. चूकभूल द्यावीघ्यावी.

माझे वडील शिंपी. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दुकान आहे, चाळीस वर्षं. पूर्वी दिवाळीच्या आधी महिनाभर घरात झोपायला जागा नसायची, सगळीकडे कापड. शाळेचे गणवेश मे-जूनमध्ये, लग्नसराईचे सदरे-लेंगे वेगळे. हाताखाली तीन माणसं होती. मी काजबटणाला. नाव त्यावरूनच घेतलंय. आता दुकानात वडील एकटे आणि एक मशीन. तयार कपडे आले, गणवेशही आता गठ्ठ्याने येतात.

'उसवण'ची बातमी माझ्या भावाने दाखवली तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "तुळजापूरचा का? बरं." पुस्तक मी आणलं आणि रात्री दुकान बंद केल्यावर त्यांना वाचून दाखवलं, रोज थोडं. त्यांचे डोळे आता बारीक अक्षराला साथ देत नाहीत. मध्ये मध्ये ते नुसतं "हं" म्हणायचे. कुठे "हं" म्हणतात यावरून मला कळायला लागलं की कुठे खरं आहे.

इथे वर चर्चा चालली आहे की लेखकाचा धंदा माहीत असावा का. मी एकच गोष्ट सांगते. नाव वाचून मला वाटलं होतं, उसवण म्हणजे सगळं उसवत जातं, संसार, धंदा, वाईट दिवस. बहुतेकांना असंच वाटत असेल. मी वडिलांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "अगं, उसवणं हे पण कामच आहे. आणि शिवण्यापेक्षा अवघड. शिवताना मशीन पळतं. उसवताना एकेक टाका बघून ब्लेड लावावं लागतं, कापड कापलं गेलं तर भरपाई आपली." मग थोडं थांबून म्हणाले, "आता आपण दुसरं करतोच काय?"

खरंच आहे ते. आज दुकानात जे येतं ते सगळं तयार कपड्यांचं अल्टर. पँट दोन इंच आखूड, शर्टाची बाजू आत, ब्लाउजची शिलाई मोकळी. ज्या कपड्यांनी धंदा नेला तेच कपडे उसवून, परत शिवून आमचं घर चालतं. कादंबरीकाराच्या मनात नाव ठेवताना हे होतं की नाही ते मला माहीत नाही. पण मी शिंप्याची मुलगी असून मला ते नाव अर्धंच कळलं होतं. उरलेलं अर्धं ज्याच्या हातात ब्लेड आहे त्याच्याकडून कळलं.

कुणाला पुस्तकाच्या भाषेबद्दल, रचनेबद्दल लिहायचं असेल तर वाचायला आवडेल. मला ते लिहिता येत नाही.

अनुस्वार

तुम्हाला लिहिता येत नाही हे विधान तेवढं मागे घ्या. बाकी सगळं राहू द्या.

माजघर

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्या "हं"वर एक कथा आहे, तुम्ही लिहा. नाही लिहिलीत तर मी लिहीन, आणि मी बावन्नाव्या वर्षी सुरू केलंय, मला कसलीही लाज नाही.

सीएनसी_ऑपरेटर

"भरपाई आपली." आमच्याकडे जॉब रिजेक्ट झाला की हेच.

कोरी_पाटी

काजबटण ताई, तुमचा प्रतिसाद आमच्या ग्रंथपालबाईंना वाचून दाखवला. आज फलकावरून ते कात्रण काढलं नाही, पण त्याच्या खाली जाड पेनने पुस्तकाचं नाव आणि दाखल क्रमांक लिहिला. दुपारी एक बाई आल्या, कात्रण वाचलं, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "उसवण द्या." पहिल्यांदाच नावाने मागणी आली. पुस्तक बाहेर गेलेलं होतं. ते टेलरिंगवाले आजोबा घेऊन गेलेत, तीन आठवडे झाले, परत करत नाहीत. विचारलं तर म्हणतात, घरातली सगळी वाचतायत.

आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन ऑगस्टमध्ये असतो. सीएनसी भाऊ, चाकणहून यायला साडेतीन तास लागतील. मानधन म्हणाल तर एसटीचं भाडं आणि जेवण. मशिनवरच्या कविता आणायची सक्ती नाही.

सीएनसी_ऑपरेटर

एक मे सोडून कधीही. सुट्टीचा अर्ज टाकतो. दाताची शेवटची ओळ तोपर्यंत बसेल.

बोरूबहाद्दर

मीही येऊ का? प्रती आणतो.

कोरी_पाटी

या. प्रती दहाच आणा.

मिरचीभजी

सगळं वाचलं. मला कवितेतलं फार कळत नाही, पण लातूरला दर महिन्याला कामाने जातो आणि तीन पँटी कमरेत सैल पडल्या आहेत. काजबटण ताई, दुकान कुठे?

काजबटण

व्यनि केला आहे. सोमवारी बंद असतं. आणि पँट धुवून आणा, वडील चिडतात.